पुऱ्या हाताची टाळी

गुरुवारी भोसरीतल्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून ज्ञानेशने रेकॉर्डिंगसाठी तोच वार धरला. आतल्या खोलीत माईक उभा केला, लॅपटॉप जोडला आणि घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींना ठोकल्या. कंपनीत प्रेस मशीनखाली उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून त्याची ढोलकी माळ्यावरच पडली होती. त्याचं दुःखही आता होत नव्हतं. निदान गळ्याने गाऊ, एवढंच.

खोली घुमते का ते बघायला त्याने टाळी वाजवली. उरलेल्या बोटांची, फुसकी टाळी.

समोरच्या भिंतीतून तिचा प्रतिध्वनी आला. तो भरीव होता, खणखणीत. पुऱ्या हाताचा.

त्याने त्या भिंतीला गादी लावली आणि पुन्हा टाळी वाजवली. त्याची टाळी गोधड्यांनी गिळली. पलीकडची मात्र तशीच वाजली, जरा जवळून.

"अहो, आत कोण आलंय?" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, स्वप्नालीने विचारलं. "अगदी तुम्ही आधी वाजवायचात तशी टाळी वाजतीये."

"कुणी नाही. खोली तपासतोय," ज्ञानेश म्हणाला. त्याला भीतीसुद्धा वाटली नाही.

त्याने हेडफोन चढवले, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. आता टाळी वाजवायचीच नाही.

अगदी कानाशी टाळी वाजली.

ज्ञानेशने खाली पाहिलं. हात मांडीवरच होते. नसलेली दोन बोटं मात्र झणझणत होती, नुकतीच जोरात टाळी वाजवल्यासारखी.