खाली राहिलेला एक

चार वाजून चाळीस मिनिटांनी आश्रुबानं यान पुन्हा खाली वळवलं. आठ माणसं वर आली होती. नववा अजून खालीच होता.

सेलूच्या एसटी स्टँडासमोर सूर्यभानची रसवंती. आत, उसाच्या मोळ्यांशेजारी, कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं मशीन. पडद्यावर काळं आभाळ, तळाला तांबडी जमीन, तिच्यावर हात हलवणारी बोटभर माणसं. वरच्या कडेला एक हिरवी पट्टी होती. ती सारखी आखडत जायची. एकाला वर आणलं की थोडी भरायची.

"खाणीतली माणसं हायेत," सूर्यभान प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. "दुसऱ्या ताऱ्यावर अडकलीत. ती पट्टी म्हंजे त्यांची हवा. संपली की संपली."

आश्रुबा मेंढपाळ. बाजारात लोकर विकून तो मोकळा झाला होता आणि सोनपेठची गाडी पाच-दहाला होती, म्हणून आत शिरला. ती शेवटची गाडी. दुसऱ्या दिवशी बंद होता. एसटी सुटणार नव्हती. मेंढरं सोनपेठजवळ नदीकाठी होती, त्यांच्यापाशी भावजय कडूबाई एकटी.

मागं जिनिंगवरचा फिटर बन्सीधर रसाचा ग्लास घेऊन उभा होता. हा खेळ त्याच्याइतका सेलूत कुणी खेळला नव्हता.

"मामा, सहा आणले की पुढचा तारा उघडतो. तुमचे आठ झाले. सोडा की त्याला."

"तसं त्याला सांगून ये मग," आश्रुबा म्हणाला.

लोक हसले.

आश्रुबाचं दुसरंही एक वेगळं होतं. डावीकडून शत्रूची तबकडी यायची तेव्हा बाकीचे लाल बटन दाबून ती उडवत. आश्रुबा यान आणून तिच्या आणि माणसांच्या मधे उभं करायचा. कळपावर लांडगा आला की तो तसाच आडवा व्हायचा. अशी दोन यानं जळाली. आता शेवटचं उरलं होतं.

"बटन दाबा, मामा!" बन्सीधर म्हणाला. "तिथं काठी घेऊन उभं ऱ्हायचं नसतंय."

चार बावन्नला आश्रुबाची बायको बायनाबाई आली. काखेत बोचकं, कपाळाला घाम.

"आवं, गाडी लागली. समदं स्टँड हुडकलं. ह्या खोक्यात काय बगायलाव?"

"एक राहिलाय."

तिनं पडद्याकडं पाहिलं. दगडाआड एक जण हात हलवत होता. हिरवी पट्टी नखाएवढी उरली होती.

"कवापून हात हालवायलाय त्यो?"

"मी आलो तवापून."

बायनाबाईनं बोचकं खाली ठेवलं.

सूर्यभाननं उसाचं चाक थांबवलं. "मामी, गाडी जाईल. उद्या बंद हाय. तिकडं मेंढरांजवळ कोण?"

"कडूबाई हाय. ह्याच्याजवळ कोन हाय?"

सूर्यभान चाक सोडून निघाला. मशीनपाशी येऊन हळूच म्हणाला, "मामा, ऐका. माणसंबिणसं काई न्हाईत ती. उजेडाचे ठिपके. खाली काय लिहिलंय ते मलाबी वाचता येत न्हाई. गिऱ्हाईक थांबावं म्हणून मी आपलं सांगत असतो."

आश्रुबानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"तू सांगितलंस, आमी त्यांना आणाया गेलो. आता न्हाई म्हणू नको."

चार अठ्ठावन्नला यान दगडापाशी उतरू लागलं. त्याच वेळी डावीकडून तबकडी आली. बन्सीधरचं बोट ग्लासवरच आपोआप दाबलं गेलं. आश्रुबानं सवयीनं यान मधे घातलं.

"मारा की तिला!" बायनाबाई ओरडली. "तुमी जळल्यावर त्याला कोन आनंल?"

आश्रुबानं पहिल्यांदाच लाल बटन दाबलं. तबकडी फुटली. दगडाआडचा माणूस यानाकडं पळत सुटला.

पाचला लाईट गेली. ती रोजच पाचला जायची. आज कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका क्षणभर दिसला आणि विझला.

"आत घेतला व्हता का?" बायनाबाईनं विचारलं.

"दारापाशी आला व्हता."

दोघांनी बन्सीधरकडं पाहिलं.

"मी तबकडीकडं बघत होतो," तो म्हणाला. लाईट आली की मशीन पहिल्यापासून सुरू होतं, नऊच्या नऊ पुन्हा खाली असतात, हे त्याला माहीत होतं. पण रस संपवून त्यानं ग्लास ठेवला आणि गेला.

पाच-दहाला कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली. सोनपेठची गाडी पाथरीच्या रस्त्याला लागली. बायनाबाईनं धूळ बसेपर्यंत तिकडं पाहिलं, मग बोचक्यातून भाकरी काढून अर्धी नवऱ्याला दिली. त्यानं ती डाव्या हातानं घेतली. उजवा मशीनच्या दांड्यावर होता.

"सूर्यभान," ती म्हणाली, "लाईट आल्यावर त्यो कुठं असंल?"

खाण कसली, तारा कुठला, हवा किती, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला आजवर सूर्यभानकडं उत्तर होतं. त्यानं धुतलेला ग्लास पुन्हा धुवायला घेतला.

पावणेसातपर्यंत लाईट आलेली नव्हती.