अरेकाची रांग

नर्सरीवाल्याने हातातली काठी मातीत खोचली. "हा पहिला पाम. इथून त्या नळापर्यंत अकरा बसतील."

"पंधरा बसवा," थोरला म्हणाला. "मला त्या घराची खिडकीसुद्धा दिसायला नको."

ते घर याच अंगणात, पंचवीस पावलांवर होतं. रंग तोच, दारही तसंच. त्यात धाकटा भाऊ राहायचा. तीन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. कशावरून बिनसलं ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र इमानेइतबारे चालला होता.

आई पायरीवर मटार सोलत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"बॉटल पाम दिसायला झकास, पण एकच खोड, आडोसा होत नाही," नर्सरीवाला म्हणाला. "तुम्हाला अरेका बरा. बुडातून कोंब फुटत राहतात, बेट होतं. दोन वर्षांत भिंत उभी समजा."

"आणि खाली?"

"खाली वेडेलिया. पिवळी फुलं येतात, पसरतं तर असं की मातीचा कण दिसणार नाही. फक्त पायाखाली येता कामा नये. तुडवलं की गेलं."

"इथे कोण मरायला येतंय तुडवायला," थोरला म्हणाला.

नर्सरीवाला मालकाच्या शब्दावर झाड लावणाऱ्यांतला नव्हता. सगळ्या काठ्या खोचून झाल्यावर त्याने बादली भरून घेतली आणि प्रत्येक काठीपाशी एकेक मग पाणी ओतत गेला. सगळीकडे पाणी मुरलं. आठव्या काठीपाशी मुरेना. हातभर रुंदीचा एक पट्टा होता, या दारापासून त्या दारापर्यंत गेलेला, त्यावर ते नुसतं साचून राहिलं. त्याने अंगठा दाबून पाहिला. माती दगडासारखी झाली होती.

"साहेब, इथे रोजची ये-जा आहे."

"कुणाची? मांजर असेल."

"मांजराने इतकी दबत नाही."

आईने पाय साडीत ओढून घेतले.

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत आत गेला. आई उठली. गुडघ्यांवर हात देत अंगण ओलांडून आली, आठवी काठी उपटली आणि दोन हात बाजूला नेऊन खोचली. पुरती आत जाईना, तेव्हा नर्सरीवाल्याने ती दाबून दिली.

"आजी, वाट तुमची का?"

"दुपारी हा झोपला की जाते. धाकट्याची मुलगी चालायला लागलीय आता."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"सांगितलं आणि नको म्हणाला, तर? मग जाता यायचं नाही मला. अजून तो नको म्हणालेला नाही."

ती परत पायरीवर जाऊन बसली. नर्सरीवाल्याने पुढच्या साती काठ्या उपटल्या आणि थोड्या थोड्या सरकवून नळापर्यंतचं अंतर जमवून घेतलं.

थोरला बाहेर आला. त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि मधेच थांबला.

"ही फट कसली?"

"इथली माती फार दबलीय. मुळं धरणार नाहीत, पाम जळून जाईल. दोन्हीकडची बेटं पसरली की फट आपोआप भरते."

"तोवर मोकळीच?"

"वेडेलिया इथे जगायचं नाही. हरळी लावतो. तिला कितीही तुडवा, हटत नाही."

"तुडवतंय कोण," थोरला पुन्हा म्हणाला. मग त्या फटीसमोर उभं राहून पाहिलं. तिथून धाकट्याचं दार बरोबर समोर दिसत होतं. "भरायला किती दिवस लागतील?"

नर्सरीवाल्याने बादली उपडी करून ठेवली. पायरीवर आईचा हात शेंगेवरच थांबला होता.

"आठ-दहा वर्षं तरी," तो म्हणाला.

"फार झाली."

"मला पुरतील," आई म्हणाली आणि पुढची शेंग सोलायला घेतली.