सुपातली बांगडी

नजीराचे डोळे कशावरच ठरत नाहीत, म्हणून मास्तरांनी तिला शाळेतून घरी धाडलं. मग मंगळवार पेठेत बांगड्या भरणाऱ्या हुसेनबीनं लेकीला स्वतःच बघायला शिकवायचं मनावर घेतलं. सुपात रंगारंगाच्या बांगड्या मांडायच्या, वर ओढणी टाकायची, एक हळूच काढून पाठीमागं धरायची. मग ओढणी उचलून विचारायचं, "बघ की नीट! काय न्हाय यात?"

नजीरा बहुतेकदा भलतंच सांगायची. कधी बरोबर आलं, की ती बांगडी लगेच तिच्या तळहातावर परत यायची.

"कशाला डोकं फोडून घेतीस? तिला न्हाय उमगायचं," शमशुद्दीन बायकोवर करवादायचा.

प्लेग आला. दरबारच्या हुकमानं सारी पेठ माळावरच्या झोपड्यांत गेली, आणि तिथंच हुसेनबीला गाठ आली.

तिला माती देऊन शमशुद्दीन झोपडीत परतला, तेव्हा नजीरा एकेका वस्तूवर डोळे रोवून बघत होती. चूल. सूप. ओढणी. बाप. कुणी न विचारताच ती म्हणाली, "अम्मा न्हाय."



आणि बरोबर सांगितलं म्हणून तिनं तळहात पुढं केला.