पॅडवरचा करडा डाग

रोहिणीनं पॉलिशचं मशीन बंद केलं आणि त्याचा पॅड उलटा करून पाहिला. फिकट निळ्या मायक्रोफायबरवर करडा डाग होता. गाडीचा रंगही करडाच होता.

बॉनेटच्या मधोमध पिवळी टेप लावली होती. डाव्या बाजूवर तिनं स्पंजाचा पॅड फिरवला होता, उजव्या बाजूवर मायक्रोफायबरचा. पॉलिश तेच, वेग तोच, मशीन फिरवायचे हातही दोन्हीकडं मोजून सहा. ओरखडे कोणता पॅड चांगला काढतो, एवढंच बघायचं होतं. स्पंजाच्या पॅडवर पांढरा लगदा आला, तो तसाच यायला हवा. गाडीच्या रंगावर काचेसारखा पारदर्शक थर असतो आणि पॉलिशनं त्याचाच वरचा किंचित भाग घासायचा असतो. तो संपून मशीन खाली पोहोचलं, तर पॅडवर गाडीचा रंग उतरतो. गेलेला थर परत येत नाही.

"काहून थांबलीस?" धर्मराजनं विचारलं. दुकान त्याचं, रोहिणी त्याची मेव्हणी.

तिनं पॅड पुढं केला. त्यानं बॉनेटकडं पाहिलं. उजव्या बाजूला ताटलीएवढी जागा निस्तेज पडली होती.

"थर जाळला का गं?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "स्पंजाचं बरं चाललं व्हतं. तुझ्या प्रयोगापायी..."

"दाजी, एक मिनिट."

गाडीचे मालक अर्जुनराव खुर्चीवरून उठून जवळ आले. अकरा वर्षं परळीत गाडी वापरून त्यांनी ती एकदाही कोरड्या फडक्यानं पुसली नव्हती. आधी पाणी, मग हात. ओरखडे पडले ते पोराच्या वरातीत, सजावटवाल्यांनी झेंडूच्या माळा ओढून काढल्या तेव्हा. पण एकही पत्रा पुन्हा रंगवलेला नाही, सगळा पेंट कंपनीचा, हे त्यांनी सकाळपासून दोनदा सांगितलं होतं.

"काय झालं?"

रोहिणीनं डाग त्यांनाही दाखवला. "काका, थर गेला असेल तर बॉनेट रंगवावं लागेल. अजून नक्की माहीत नाही."

"मग नक्की करा," अर्जुनराव म्हणाले. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर रोहिणीला बरं वाटलं असतं.

थराची जाडी मोजायचं यंत्र घ्यायचं गेल्या दिवाळीपासून नुसतं चाललं होतं. रोहिणी बॉनेटसमोर उभी राहिली. सहा हातांत थर जायला नको. डावीकडं गेला नाही. दोन्ही बाजूंत बदललं होतं ते एकच, पॅड.

तिनं खिळ्याला अडकवलेला दुसरा मायक्रोफायबर पॅड काढला. तोही कालच्याच धुण्यातला, पण गाडीला अजून न लागलेला. पांढऱ्या मगातल्या पाण्यात तिनं तो पिळला. पाणी करडं झालं.

"हा तर गाडीला लागलाच न्हाई," धर्मराज म्हणाला.

अर्जुनरावांनी मगात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. परळीच्या थर्मल वीजकेंद्रात बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा चोळायची गरज पडली नाही. "राख हाय. आपल्याकडचीच."

धर्मराजनं घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "सुनिता, काल पॅड कुठं वाळत घातले?"

"गच्चीवर. मग काय तुमच्या डोक्यावर घालू?"

"वारा कुठून व्हता बघितलं का?"

"पांढरे कपडे असले की बघते की. हे निळे व्हते."

अर्जुनरावांना हसू आलं. धर्मराजलाही आलं. रोहिणी हसली नाही. पॅडमध्ये राख होती, एवढंच कळलं होतं. त्या राखेनं थर किती खाल्ला, ते कळायचं होतं.

तिनं ती जागा भरपूर पाण्यानं धुतली, टिपून कोरडी केली. पाकीट फोडून कोरा पॅड काढला. पॉलिशचे चार थेंब. वेग कमी ठेवला. एक हात, दोन हात. धर्मराज तोंडातल्या तोंडात मोजत होता. अर्जुनरावांनी चष्मा काढून हातात धरला होता, तो पुसलाही नाही आणि पुन्हा घातलाही नाही.

सहा झाले. तिनं मशीन बंद केलं आणि पॅड उलटा केला.

पांढरा.

फडक्यानं पॉलिश पुसल्यावर वरची ट्यूबलाईट त्या जागेत सरळ रेघेसारखी दिसली. डावीकडं, स्पंजाच्या बाजूला, तीच ट्यूबलाईट अजून बारीक ओरखड्यांच्या जाळ्यात अडकलेली होती.

"आयला! हिकडचं तर लई भारी निघालं," धर्मराज म्हणाला. मग मेव्हणीकडं न बघता, "मी आपलं उगंच बोललो."

अर्जुनरावांनी चष्मा चढवला आणि वाकून दोन्ही बाजू पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. "तिकडं पण हाच फिरवा," ते म्हणाले. "फक्त पाकिटातला."

चहा आला. रोहिणीनं कपबशी उचलली आणि कप बशीत खडखडायला लागला.

"मशीननं होतं असं," ती म्हणाली. "थोडा वेळ हात थरथरतो."

"होय की," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी कपबशी तिच्या हातातून स्वतःच्या हातात घेतली. त्यांच्या हातातही कप खडखडायचा थांबला नाही.