रंगवलेली चाकं

दुपार टळली तरी पेंटर आला नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून शहर दुसऱ्या दिवशीही बंद होतं, बस रस्त्यावर नव्हत्या, आणि पेंटर राहायचा पैठण गेटला. इकडे वाळूजच्या कारखान्यात आप्पासाहेबांचा जीव टांगणीला लागला होता. परवा मुंबईहून कारखान्याचे मालक, मोठे साहेब, येणार, आणि बागेतला छोटा ट्रॅक्टर गंजक्या चाकांवर उभा.

ट्रॅक्टर साधासुधा नव्हता. मोठ्या साहेबांच्या वडिलांनी तो छावणीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलेला. मांडीएवढ्या उंचीची लोखंडी चाकं, बारीक आऱ्यांची. दोरी ओढून सुरू व्हायचा, तोही फक्त पुंजारामच्या हातानं. दुसऱ्या कोणी ओढली की दोनदा खोकून गप्प बसायचा. यंत्रालाही नखरे असतात.

पुंजाराम चार वर्षं त्याच्यावर बसून बागेतलं गवत कापत होता आणि चारही वर्षं टेंपररी होता. कारखान्याच्या जागेत त्याचं शेत गेलं होतं. घरटी एक नोकरी, असं तेव्हा सांगितलेलं, ते सगळे सोयीनं विसरले होते. पण कामगारांचं खातं बघणाऱ्या आप्पासाहेबांनी या खेपेला कायम करायच्या यादीत ‘ट्रॅक्टर चालक, एक’ अशी जागा घातली होती. सही मोठे साहेब स्वतः करणार होते. वडिलांच्या ट्रॅक्टरवर त्यांचा जीव आहे, तो देखणा दिसला की तुझं काम झालंच समज, असं आप्पासाहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं. आशाबाईनं, त्याच्या बायकोनं, नवऱ्याच्या नोकरीवर एवढी एक सही व्हावी म्हणून गुरुवार धरले होते.

“म्या रंगवू का?” पुंजारामनं विचारलं.

“तुला येतं?”

“बैलांची शिंगं रंगवलीत, गाडीची चाकं रंगवलीत. ह्ये बी चाकच हाय की.”

आप्पासाहेबांपुढे दुसरा इलाज नव्हता. त्यांनी रंगाचे डबे काढून दिले.

पुंजारामनं ट्रॅक्टर विटांवर उचलला. तारेच्या ब्रशनं गंज काढला, पॉलिश पेपर मारला, मग पुन्हा गंज धरू नये म्हणून लाल ऑक्साईडचा हात दिला. दुसऱ्या दिवशी लाल रंग. एकेक आरा तो बोटाच्या पेरानं तपासायचा, कुठं ओघळ आला की पुसून पुन्हा रंगवायचा. इथवर कोणाचं लक्षही नव्हतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मात्र त्यानं पिवळा डबा उघडला. बाभळीच्या कोवळ्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला केला. डाव्या हातानं चाकाला गरकन फिरवलं आणि उजवा हात गुडघ्यावर टेकवून काडी नुसती धरली. हात हललाच नाही. चाक फिरत राहिलं आणि त्याच्या कडेवर केसाएवढी पिवळी रेघ उमटत गेली, फिरून अचूक स्वतःच्या टोकाला येऊन मिळाली. मग तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. मशीनशॉपमधले कामगार चहा सोडून येऊन उभे राहिले. सुतासुताचं माप घेणारा फोरमन कचरू वाकून बघत राहिला आणि म्हणाला, आपल्या लेथवर एवढी नेमकी रेघ निघत नाही. आपल्यातल्याच एका माणसाच्या हातात हे होतं आणि चार वर्षं कोणाला पत्ता नव्हता, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं.

मोठे साहेब आले ते थेट बागेत. ट्रॅक्टरपाशी आले आणि चालता चालता थांबले. बराच वेळ ते नुसते चाकांकडे बघत होते. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. वडील असते तर, एवढंच ते पुटपुटले.

“कोणी रंगवली?”

“म्या जी,” पुंजाराम पुढे झाला.

साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला, असं काय आहे या हातात ते बघावं तसं. मग म्हणाले, एक फेरी मारून दाखव.

पुंजारामनं दोरीला हात घातला आणि थबकला. पिवळी रेघ अजून ओली होती. विटांवरून ट्रॅक्टर उतरवला होता त्या हिरवळीवर नुकतंच पाणी मारलेलं. एका फेरीत सगळ्याचा चिखल झाला असता. आणि साहेबांना नाही कसं म्हणायचं?

“साहेब,” तो म्हणाला, “पोळ्याला आमी बैल रंगवतो ना, तर त्या दिशी त्याला जुंपत नसतोत. सजलेल्या बैलाच्या खांद्यावर जू ठिवायचं नाय. ह्यो बी आज सजलाय.”

काय बोललास, असं म्हणून साहेबांनी ते वाक्य पुन्हा वदवून घेतलं. मग आप्पासाहेबांना बाजूला घेऊन ते बराच वेळ काही सांगत होते आणि आप्पासाहेब भराभर लिहून घेत होते. जाताना साहेबांनी सगळ्यांसमोर पुंजारामला नमस्कार केला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन आशाबाईला कुठून सांगायला सुरुवात करावी, हेच पुंजारामला कळेना.

संध्याकाळी आप्पासाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. आजवर तिथं त्याला कोणी बसा म्हटलं नव्हतं.

“साहेबांनी तुझा शब्द शिरोधार्य मानला, पुंजाराम,” ते म्हणाले. “या बैलाला आता कधीच जुंपायचं नाही, म्हणाले. गेटवर संगमरवरी चौथरा बांधून, काच लावून ट्रॅक्टर तिथं ठेवायचाय.”

“आन् माझी सही?”

आप्पासाहेबांनी यादी त्याच्याकडे सरकवली.

“गवताचं काम ठेकेदाराला दिलंय. उभ्या ट्रॅक्टरला चालक लागत नाही, म्हणून ती जागा साहेबांनी स्वतःच्या हातानं खोडली.”