काचेची उंची

“कुणाच्या डोळ्यांच्या?” कारागिराने विचारलं.

काच डोळ्यांच्या रेषेत लावा, असं मुलगी नुकतंच म्हणाली होती. तो भिंतीशी पेन्सिल धरून उभा होता आणि त्याचे स्वतःचे डोळे पार वर होते.

“आईच्या. घर तिचं आहे.”

आई संकोचत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. “मावशी, वाकून नका उभ्या राहू, ताठ व्हा जरा,” कारागीर म्हणाला.

“ताठच आहे हो. मी एवढीच आहे.”

मुलगी हसली. बाबा गेल्यावर आईसाठी हे लहानसं घर घेताना तिने एकच ध्यास घेतला होता, की इथे आईला कशासाठीही स्टुलावर चढावं लागू नये. फळ्या, खुंट्या, दिव्यांची बटणं, सगळं हाताशी. जुन्या घरात सगळंच ताडमाड बाबांच्या मापाचं होतं. ही काचसुद्धा. मागून गडद हिरवा रंग दिलेली, बगळे कोरलेली, बिनचौकटीची मोठी काच. बाबांनी हौसेने आणली आणि स्वतःच्या नाकासमोर लावून टाकली. आईच्या वाट्याला बगळ्यांचे नुसते पाय.

कारागिराने भिंतीला चार भोकं पाडली, त्यात स्टीलचे स्टड, म्हणजे आट्यांचे खुंट, बसवले. काचेला स्टील टेकू नये म्हणून मधे रबराच्या चकत्या घातल्या. मग काच चढवून चारी कोपऱ्यांवरच्या स्टडच्या टोप्या त्याने बोटांनीच फिरवल्या. “फार आवळली की तडकते,” तो म्हणाला आणि फडक्याने काच पुसून बाजूला झाला.

आई पुढे आली. बगळ्यांचे पंख पहिल्यांदाच तिच्या समोर होते. एका पंखाच्या रेघांवरून तिने बोट फिरवलं.

“अगंबाई, याच्या तोंडात मासा आहे की!”

“तेच म्हणते मी,” मुलगी म्हणाली. “इतकी वर्षं तू पायच बघितलेस.”

मागे सरकत सरकत आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथून काचेकडे बघत राहिली. जरा डावीकडे झुकली, जरा उजवीकडे.

“वर घ्या हो,” ती म्हणाली.

“किती, मावशी? बोटभर?”

“चांगली हातभर.”

“अगं आई!” मुलीचा आवाज चढला. “भोकं पडली ना आता! आणि वर गेली की तुला परत पायच दिसणार.”

“बगळे कुणाला बघायचे होते? तुझे बाबा रोज हिच्यासमोर उभं राहून भांग पाडायचे. न्हाणीघरात एवढा आरसा असून. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. पाठ माझ्याकडे, तोंड काचेत. त्यांना वाटायचं, कुणाचं लक्ष नाही.” आईला हसू फुटलं. “टक्कल पडलं तरी पाडत होते गं.”

मुलगीही हसली, आणि हसता हसता थांबली.

“पण आई, आता…”

“कळतं मला.” आईने पदराने डोळे नाही, चष्मा पुसला. “पण इतकी खाली लावली, की हिच्यात सारखी मीच दिसते.”