चार नंबरचा पोर्ट

"पोर्ट किती दाखवतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"चार," सून म्हणाली.

स्क्रीनवर सात होता. सात तिनेच करून ठेवला होता, दोन महिन्यांपूर्वी. तेव्हापासून हे एवढंसं खोटं ती रोज संध्याकाळी गच्चीवर बसून बोलत होती.

त्याचं असं झालं. सासऱ्यांची दुर्बीण माउंटवर, म्हणजे विजेच्या मोटरने फिरणाऱ्या बैठकीवर बसवलेली. लॅपटॉपवर ग्रहाचं नाव निवडलं की माउंट घुर्र करत वळायचा आणि दुर्बीण नेमकी त्या ग्रहावर जाऊन थांबायची. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचा जीव त्या नळकांड्यात अडकलेला. पण गच्चीच्या जिन्यावर ते दोनदा पडले, दुसऱ्यांदा तर मनगटच मोडलं. नवरा कामासाठी परगावी, घरात ही दोघंच. वर जाऊ नका म्हणून सांगून झालं, रुसून झालं, नवऱ्याकडून फोनवर दटावून झालं. म्हातारा ऐकेल तर शपथ.

मग एके दुपारी तिने लॅपटॉपमध्ये माउंटचा पोर्ट चारचा सात करून टाकला. आता लॅपटॉप हाका मारायचा एका दारावर आणि माउंट बसलेला दुसऱ्याच दाराआड. बिघडलंय म्हटल्यावर चार दिवसांत कंटाळतील, असा तिचा बेत.

कंटाळतात कसले! जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनी दुरुस्त केलेला माणूस तो. त्यांनी केबल बदलली. अडॅप्टर नवा मागवला. प्लगमधली एकेक पिन बोटांनी चाचपून पाहिली. गच्ची बंद व्हायची राहिली बाजूला, आता रोज दोघांच्याही फेऱ्या सुरू झाल्या. दुकानदाराला तर फोन करकरून त्यांनी भंडावून सोडलं. तो बिचारा दरवेळी पोर्ट तपासा म्हणायचा आणि सासरे सुनेकडे मान वळवायचे. चष्मा खाली राहिलाय, तूच वाच, म्हणायचे. ती वाचायची, चार. एकदाही त्यांनी स्वतः वाकून बघितलं नाही. पोटच्या पोरावर कुणी ठेवणार नाही इतका भरवसा. हल्ली त्यांच्या समोर जेवायला बसलं की तिला घास गिळवत नसे.

आज मात्र त्यांनी केबल हातातून खाली ठेवली.

"माझंच डोकं चालेनासं झालंय बहुतेक," ते म्हणाले. "केबल ठीक, पोर्ट ठीक, तरी बिघाड सापडत नाही म्हणजे काय? उद्या कोपऱ्यावरच्या शाळेचे सर येतायत. त्यांना देऊन टाकतो सगळं."

धडधाकट डोक्याच्या माणसाला सुनेने वेड्यात काढलं होतं, तेही त्याच्याच तोंडून. आता या क्षणी सगळं सांगून मोकळं व्हावं असं तिला वाटलं, पण जीभच उचलेना. शेवटी, एकदा सगळं पुसून पहिल्यापासून जोडून बघू या का, एवढंच तिने विचारलं. सासरे म्हणाले, बघ बाई.

तिने सगळं पुसलं. लॅपटॉपने नव्याने ठिकाण विचारलं, तारीख विचारली, वेळ विचारली. तिने काहीच न तपासता भराभर भरून टाकलं. पोर्टच्या जागी चार टाकला. हिरवा दिवा लागला आणि माउंटने एक बारीक शीळ घातली.

सासरे ताडकन उठले. शनी लाव, म्हणाले. आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झालेला. तिने शनी निवडला. मोटार घुर्र करत फिरत राहिली, थांबली. त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती, म्हणून सुनेने नजर स्क्रीनवरच गाडून ठेवली. 'शनी, स्थिर' अशी अक्षरं उमटली. अंधार पडू लागला होता.

सासऱ्यांनी माउंटला धरून दुर्बिणीला डोळा लावला.

"आहाहा," मग ते हळूच म्हणाले. "कडी बघ काय सुरेख दिसतायत. ग्रहापासून अगदी सुटी सुटी. आणि डावीकडे एक चंद्रसुद्धा आहे, इवलासा."

सुनेचा बांध फुटला.

"बाबा, पोर्ट मीच बदलला होता," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा पडाल म्हणून. रोज खोटं सांगत होते मी. तुमचं डोकं शाबूत आहे हो, चूक सगळी माझी."

सासऱ्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. नुसता हात मागे करून तिला बोलावलं.

"असू दे गं. आता दिसतंय ना सगळं? ये, तूही बघ."

केवढं ओझं उतरलं तिच्या छातीवरचं. पदराने डोळे पुसत ती उठली आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच स्क्रीनवरून मान वर केली.

दुर्बिणीचं तोंड पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे होतं, जेमतेम वीतभर अंतरावर. दोन महिन्यांत सासऱ्यांचा चष्मा एकदाही वर आला नव्हता, हे तिला आत्ता आठवलं.